रात्रीच्या आकाशाचे फोटो शिकवणारी पुस्तकं : विदर्भात कोणतं कितपत चालतं

आकाशाचे फोटो काढायला शिकवणारं पुस्तक मागवायचं असेल तर मुखपृष्ठावरच्या तेजोमेघावर भाळू नये. लेखकाच्या अंगणातून ध्रुवतारा किती उंच दिसतो, ते आधी बघावं. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळपास त्या जागेचा अक्षांश. दक्षिण इंग्लंडात ती ५१ अंश असते, नागपूर-अमरावतीकडे २१, गडचिरोलीला २०, आणि लोणारला २० च्याही किंचित खाली. माउंट (कॅमेरा किंवा दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवणारा आधार) कसा लावायचा, कोणत्या महिन्यात काय टिपायचं, अंधार किती वाजता पडतो, हे सगळं या एका आकड्यावर ठरतं. हवामान त्याच्या मागोमाग येतं. त्यामुळे या पुस्तकांतली निम्मी प्रकरणं आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. उरलेली निम्मी म्हणजे प्रकाशाचं आणि नॉइजचं (फोटोतल्या खरखरीचं) गणित. ते ब्रिस्टलमध्ये जे, तेच ब्रह्मपुरीत.

इथे ज्या पुस्तकांबद्दल लिहिलंय ती सगळी इंग्रजी आहेत. मराठीतली आकाशदर्शनाची पुस्तकं नक्षत्रं ओळखायला उत्तम, पण कॅमेऱ्यापर्यंत ती सहसा पोचत नाहीत. वाचणारा तालुक्याच्या गावी किंवा खेड्यात राहतो, त्याच्याकडे डीएसएलआर आणि फार तर एक लहान ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं यंत्र) आहे, असं धरून ही परीक्षणं केली आहेत.

गणित पक्कं करणारं पुस्तक

चार्ल्स ब्रॅकन यांचं ‘द डीप-स्काय इमेजिंग प्रायमर’. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर डोळे झाकून हे घ्यावं. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचा आकडा कसा होतो, नॉइज कुठून येतो, डार्क (झाकण लावून तेवढ्याच वेळाचे), फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे) आणि बायस (झाकण लावून कमीत कमी वेळाचे) हे दुरुस्तीचे फोटो कशासाठी काढायचे, फोकल लेंथ आणि पिक्सेलचा मेळ कसा घालायचा, हे सगळं ते पायऱ्यापायऱ्यांनी सांगतं. सूत्रं आहेत, पण शाळेतल्या गणिताच्या फारशी पुढे जात नाहीत.

यातली सगळ्यात कामाची शिकवण म्हणजे एका फोटोचं एक्स्पोजर किती ठेवायचं ते अंदाजाने न ठरवता मोजून ठरवणं. ते असं. सेन्सर वाचताना होणारा रीड नॉइज समजा २ इलेक्ट्रॉन आहे. त्याचा वर्ग ४. आकाशाच्या पार्श्वभूमीचा प्रकाश प्रत्येक पिक्सेलवर याच्या दहापट, म्हणजे ४० इलेक्ट्रॉन जमला, की रीड नॉइज त्यात बुडून जातो आणि एक्स्पोजर आणखी लांबवण्यात फार फायदा उरत नाही. मोजायला एक ६० सेकंदांचा फोटो काढा आणि तारे नसलेल्या कोपऱ्याचा सरासरी आकडा बघा. समजा तो ६३२ आला आणि बायस फ्रेमचा ५१२ आहे. फरक १२०. कॅमेऱ्याचा गेन दर आकड्याला ०.२५ इलेक्ट्रॉन असेल तर ६० सेकंदांत ३० इलेक्ट्रॉन जमले. म्हणजे ४० साठी ८० सेकंद हवेत.

हे आपल्याला जास्त लागू पडतं, कारण इथे उलटा घोळ होतो. पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक शहराकाठच्या आकाशाला धरून ‘३० सेकंद पुरे’ म्हणतात. तो आकडा घेऊन माणूस भामरागडच्या अंधारात जातो, तिथे पार्श्वभूमी इतकी काळी असते की ३० सेकंदांत आठ-दहा इलेक्ट्रॉनही जमत नाहीत, आणि दोनशे फ्रेम स्टॅक करूनही (एकावर एक रचून त्यांची सरासरी काढूनही) फोटोत रीड नॉइजची खरखर राहते. आकाश जितकं काळं, तितकं एकेक एक्स्पोजर लांब हवं. एफ/४ ची लेन्स, आयएसओ ८०० ते १६०० आणि दोन मिनिटं, इथून सुरुवात करून वरच्या रीतीने मोजून घ्यावं. आकडे काढायचा कंटाळा असेल तर कॅमेऱ्याच्या मागच्या हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून सुटून पाव ते एक तृतीयांश अंतरावर आलेला असावा.

फ्रेमच्या संख्येचं गणितही डोक्यात पक्कं बसतं. नॉइज संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. १६ फ्रेमनी तो पाव होतो, आणि त्याच्याही निम्म्यावर आणायला १६ च्या ३२ करून भागत नाही, ६४ लागतात. म्हणून एका रात्री पाच विषय टिपण्यापेक्षा एकाच विषयाला तीन-चार तास देणं फायद्याचं.

या विषयावरची पुस्तकं वाचताना आपलं थर्मामीटर हातात ठेवावं लागतं ते डार्क फ्रेमच्या भागात. सेन्सरचा डार्क करंट दर ६ अंशांना साधारण दुप्पट होतो. थंड देशातली रात्र ६ अंशांची धरली आणि मे महिन्यात चंद्रपूरकडची ३० ची, तर फरक २४ अंशांचा, म्हणजे चार वेळा दुप्पट. डार्क करंट १६ पट आणि त्यातून येणारा नॉइज ४ पट. सेन्सर स्वतः काम करून आणखी तापतो, ते वेगळंच. शिवाय तापमान रात्रभर एक राहत नाही. नऊ वाजता ३६ असलेलं पहाटे चारला २८ वर येतं. सगळे डार्क शेवटी काढायची सर्रास रीत आहे. तसं केलं तर ते संध्याकाळच्या फ्रेमशी जुळत नाहीत आणि वजाबाकीनंतर फोटोत उजळ ठिपके उरतात. डीएसएलआरवर उन्हाळ्यात डार्क सोडून द्यावेत, बायस आणि फ्लॅट ठेवावेत, आणि दर आठ-दहा फ्रेमनंतर ट्रॅकरवरचा कॅमेरा आठ-दहा पिक्सेल इकडेतिकडे सरकवावा. याला डिथरिंग म्हणतात. गरम पिक्सेल मग दर वेळी वेगळ्या ताऱ्यावर पडतात आणि स्टॅकिंगमध्ये आपोआप गळतात.

कूलिंगचा कॅमेरा असला तरी सुटका नाही. असे कॅमेरे बहुधा भोवतालच्या तापमानापेक्षा ३५ अंश खाली जातात. मेमध्ये ३० ची रात्र असेल तर उणे ५ ही हद्द, आणि तिथे कूलर पूर्ण ताकदीने चालून बॅटरी पिऊन टाकतो. त्यामुळे दोन डार्क लायब्ररी (आधीच काढून ठेवलेल्या डार्कचे संच) करून ठेवाव्यात, हिवाळ्यासाठी उणे १० ची आणि मार्च ते जूनसाठी ० ची.

प्रोसेसिंगची प्रकरणं पिक्सइनसाइट आणि फोटोशॉप धरून आहेत. दोन्ही विकतची. पण पायऱ्या त्याच राहतात: पार्श्वभूमीचा उतार काढणं, रंग जुळवणं, मग स्ट्रेच, म्हणजे फिका तपशील उजळ करणं. सिरिल हे फुकट सॉफ्टवेअर या तिन्ही गोष्टी नीट करतं. पुस्तकातला क्रम घ्यावा, बटणं सिरिलची शोधावीत.

नवख्याचं पुस्तक आणि काळी माती

स्टीव्ह रिचर्ड्स यांचं ‘मेकिंग एव्हरी फोटॉन काउंट’ हे इंग्लंडमधलं, अगदी नवशिक्यासाठी लिहिलेलं. आधी माउंट, मग कॅमेरा, दुर्बीण सगळ्यात शेवटी, हा त्याचा आग्रह शंभर टक्के बरोबर आहे. मोठी दुर्बीण आणि डगमगता माउंट घेऊन बसलेल्या प्रत्येकाने ते वाचायला हवं. भाषा सोपी, घाई नाही. पण इंग्लंडच्या आकाशावर बेतलेलं कुठलंही पुस्तक असो, त्यातलं माउंट लावण्याचं प्रकरण वाचताना खालच्या गोष्टी समासात लिहून ठेवाव्यात.

पहिली, ध्रुवताऱ्याची उंची. २१ अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा पावणेतीन पट जाड हवेतून येतो, आणि ५१ अंशांवर हेच प्रमाण सव्वा-दीड पटीच्या मध्ये असतं. एप्रिल-मेच्या धुळकट रात्री त्यामुळे ध्रुवतारा इतका फिका पडतो की पोलर स्कोपमध्ये (माउंट ध्रुवाकडे रोखायच्या छोट्या दुर्बिणीत) दुसराच तारा पकडून बसायची पाळी येते. सागवानाच्या रांगा किंवा टेकडी उत्तरेला असली तर तो दिसतच नाही. म्हणून जागा ठरवताना दिवसाउजेडी कंपासने उत्तर काढून तिथे २१ अंशांवर काय आड येतं ते बघून घ्यावं. मूठ वळून हात लांब केला की मुठीची रुंदी साधारण १० अंश. दोन मुठींच्या वर उत्तर मोकळी हवी. कंपासच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून दहा-दहा अंश सरकलेली असते, म्हणून तिकडची पुस्तकं दुरुस्तीचा तक्ता देतात. विदर्भात हा फरक एका अंशाच्याही आत आहे. तो तक्ता खुशाल सोडून द्या. फक्त कंपास लोखंडी खाटेपासून आणि मोटरसायकलपासून दूर धरा.

ध्रुवतारा अजिबात न दिसला तर ड्रिफ्टची पद्धत, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून माउंट जुळवणं, वापरावी लागते. बरेच लोक ती कठीण म्हणून टाळतात, पण आपल्याकडे ती आलीच पाहिजे. दक्षिणेला, याम्योत्तर वृत्ताजवळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) आणि खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरची आकाशातली रेषा) आसपासचा तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकत गेला तर माउंटचा अक्ष पूर्वेकडे जास्त वळलेला आहे, उत्तरेकडे गेला तर पश्चिमेकडे. हे जमलं की पूर्वेचा, क्षितिजापासून २५-३० अंशांवरचा तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली झुकलेला आहे, उत्तरेकडे सरकला तर वर उचललेला. पाच मिनिटांत तारा जागचा हलत नाही इतकं झालं, की लहान लेन्ससाठी पुरे.

दुसरी गोष्ट काउंटरवेटची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या वजनाची. अक्षांश २० च्या आसपास आला की काही माउंटमध्ये काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासतो. थंड देशात हा प्रश्न येत नाही, म्हणून तिकडच्या पुस्तकात तो सापडणार नाही. घेण्याआधी माउंट २० अंशांवर लावून दांडा पूर्ण फिरवून बघावा. माउंट आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये एक्स्टेंशनचा खांब टाकला की भागतं.

तिसरी गोष्ट जमिनीची. ‘घट्ट जागा बघून ट्रायपॉड लावा’ या एका वाक्यावर पुस्तकं निघून जातात. आपल्या वावरातली काळी माती ऑक्टोबरात आतून ओली असते आणि एप्रिलमध्ये तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्ही वेळी ट्रायपॉडचा पाय हळूहळू बसतो. उरलेल्या दोन पायांच्या रेषेपासून खचणारा पाय एक मीटरवर आहे असं धरलं तर तो ५ मिलिमीटर खचला की अख्खा माउंट १७ कला (पाव अंशाहून थोडं जास्त) कलतो. तेवढ्या चुकीने १३५ मिलिमीटरच्या लेन्सवर, दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तारा दीड पिक्सेल लांबट होतो. ४०० मिलिमीटरवर तोच साडेचार पिक्सेल, म्हणजे फ्रेम टाकून द्यायची. आणि हे तासाभरानंतर होतं, सगळं तपासून झाल्यावर, त्यामुळे दोष ट्रॅकरला दिला जातो. उपाय फुकटचा आहे. धुऱ्यावरची किंवा पांदण रस्त्याकडेची मुरमाड जागा घ्यावी, नाहीतर प्रत्येक पायाखाली वीतभर फरशीचा तुकडा ठेवावा. फरशी ठेवल्यावर पायावर एकदा जोर देऊन ती बसवावी आणि मगच ध्रुवतारा जुळवावा.

इंग्लंडच्या लेखकांचं एक रडगाणं आपण आनंदाने सोडून द्यावं. तिकडे मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ण काळोखच होत नाही. आपल्याकडे संधिप्रकाश बाराही महिने सव्वा तासाच्या मागेपुढे संपतो.

बारा महिन्यांचं पुस्तक, आठ महिन्यांचं आकाश

रूबेन किअर यांचं ‘द १०० बेस्ट ॲस्ट्रोफोटोग्राफी टार्गेट्स’ हे स्प्रिंगरने २००९ मध्ये काढलेलं पुस्तक. विषय महिन्यानुसार लावलेले आहेत. कल्पना फार सोयीची: महिना उघडा, विषय निवडा. पण जून ते सप्टेंबर ही चार महिन्यांची पानं आपल्याकडे ढगाखाली जातात. मृग लागलं की दुर्बीण कपाटात, आणि हस्ताचा पाऊस ओसरेपर्यंत बाहेर काढायची सोय नाही. आकाशगंगेचा गाभा, धनू आणि वृश्चिकेतले तेजोमेघ, सगळे नेमके याच महिन्यांचे.

यावर उपाय सोपा आहे. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. पुस्तकात जो विषय जुलैत रात्री दहाला दिलाय, तो एप्रिलमध्ये पहाटे चारला त्याच जागी असतो. जूनचा विषय मार्चमध्ये पहाटे चारला. सप्टेंबरचा विषय उलट पुढे ढकलावा: ऑक्टोबरात तो रात्री आठला तिथेच येतो. हंस तारकासमूहातला एनजीसी ७००० हा उत्तर अमेरिका तेजोमेघ असा दिवाळीच्या अमावस्येला संध्याकाळी चांगला उंचावर मिळतो. एम ८ हा धनूतला तेजोमेघ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे सव्वाचारला याम्योत्तर वृत्तावर येतो. पहाटेचा उजेड साधारण साडेचारला सुरू होतो, तेव्हा एक ते साडेचार हा त्याचा वेळ. घड्याळाची एक बारीक दुरुस्ती राहते: आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, नागपूर ७९ वर, म्हणून सगळं १४ मिनिटं उशिरा होतं. लोणारला २४ मिनिटं.

अशा पुस्तकात जे विषय ‘दक्षिणेला फार खाली’ म्हणून वगळलेले किंवा मागे टाकलेले असतात, ते आपलं खरं धन. ज्येष्ठा ताऱ्याजवळचा रो ओफियुची हा पिवळा-निळा धुरकट पट्टा लंडनहून १४ अंशांपर्यंत चढतो, आपल्याकडे ४५ पर्यंत. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सगळ्यात मोठा दिसणारा गोलाकार तारकागुच्छ तिथून कधी उगवतच नाही. आपल्याकडे तो २१ अंशांवर येतो, भामरागडला २३ च्या आसपास. याउलट सप्तर्षीजवळच्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका उत्तरेकडच्या पुस्तकांत ‘वर्षभर, रात्रभर’ म्हणून सांगितलेल्या असतात. आपल्याकडे त्या जास्तीत जास्त ४२ अंश चढतात आणि खाली जाताना क्षितिजाला टेकतात. त्यांना फेब्रुवारी-मार्च द्यावा, बाकी वर्ष विसरावं.

या पुस्तकाचं वय मात्र सांभाळावं लागतं. ते सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या काळातलं आहे. सीसीडीचा रीड नॉइज आठ-दहा इलेक्ट्रॉनच्या घरात असे, म्हणून त्या काळी दहा-दहा मिनिटांची एक्स्पोजर लागत. आजच्या सीमॉस सेन्सरला एक ते तीन मिनिटं पुरतात. विषयाची माहिती घ्यावी, एक्स्पोजरचे आकडे घेऊ नयेत.

आणि जागा. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलले गेले. आकाश खरंच चांगलं आहे. पण नकाशा बघा: नागपूर तिथून दक्षिणेला येतं. शहराचा उजेडाचा फुगा नेमका त्या बाजूला, जिथे ओमेगा सेंटॉरी आणि वृश्चिकेचं शेपूट असतं. कृत्तिका, मृग, देवयानी यांच्यासाठी पेंच उत्तम. दक्षिणेच्या खालच्या विषयांसाठी ज्या जागेच्या उत्तरेला शहर आहे आणि दक्षिणेला जंगल, अशी जागा हवी. उत्तरेच्या उजेडाने ध्रुवतारा थोडा फिका पडेल, त्याचा फोटो कोणाला काढायचाय?

फक्त कॅमेरा आणि ट्रायपॉड असेल तर

मायकल कोव्हिंग्टन यांचं ‘डिजिटल एसएलआर ॲस्ट्रोफोटोग्राफी’ केंब्रिजने काढलंय, पहिली आवृत्ती २००७ ची आणि दुसरी २०१८ ची. दुसरीच घ्यावी, पहिलीतले कॅमेरे आता कोणाकडे नाहीत. लग्नाच्या फोटोग्राफीचा कॅमेरा हातात असलेल्याला या विषयात यायला हे सरळ दार आहे. मांडणी थोडी कोरडी, पण काय का करायचं ते स्पष्ट.

ट्रायपॉडवर ट्रॅकरशिवाय काढताना ‘पाचशेचा नियम’ सगळीकडे सांगितला जातो: ५०० भागिले फोकल लेंथ. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरच्या किट लेन्सला १.५ ने गुणून २७, म्हणजे १८ सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलवर त्यात तारे लांबट येतात. एनपीएफ नावाचं सूत्र वापरावं: ३५ गुणिले एफ-आकडा, अधिक ३० गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, आणि ही सगळी बेरीज भागिले फोकल लेंथ. १८ मिलिमीटर, एफ/३.५, ३.९ मायक्रॉनला उत्तर १३ सेकंद. ५० मिलिमीटर एफ/१.८ ला साडेतीन. आयएसओ ३२०० वर १३ सेकंदांच्या ६० फ्रेम काढून सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्या तर किट लेन्सवरही आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्या उठून दिसतात. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून ठळक ताऱ्यावर करावा आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा बघावा. मेमध्ये असं रात्रीतून एकदा तरी होतं.

नकाशे

रॉजर सिनॉट यांचा ‘पॉकेट स्काय ॲटलस’ २००६ चा. ८० नकाशे, ७.६ प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा) तारे, स्पायरल बांधणी, त्यामुळे पान उलटून मांडीवर सपाट राहतं. फोटोग्राफीसाठी तो काढलेला नाही, पण डोळ्याने विषय शोधायला याहून सुटसुटीत काही नाही. ब्रॅकन यांचाच ‘द ॲस्ट्रोफोटोग्राफी स्काय ॲटलस’ खास फोटोवाल्यांसाठी आहे: कॅमेऱ्यालाच दिसणारे फिके तेजोमेघ त्यात आहेत, आणि दक्षिण आकाशही, जे आपल्याला हवंच. घरी बसून बेत आखायला तो, वावरात न्यायला सिनॉट. मोबाइलवर स्टेलारियम हे आकाशाच्या नकाशाचं ॲप असलं तरी कागदी नकाशा लागतो, कारण स्क्रीनचा पांढरा उजेड डोळ्यांत गेला की पुन्हा अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

जे या पुस्तकांत शोधू नये

वीज, वावर आणि जनावरं. परक्या लेखकाकडून ती अपेक्षाही नाही, पण वाचणाऱ्याने तो कोरा भाग स्वतः भरावा.

रात्री कोणाच्याही वावरात न विचारता पाय टाकू नये. डुकरांसाठी सौर झटका मशीनची तार असते. तो धक्का जोराचा, पण सहसा जीवघेणा नसतो. काही जण मात्र थेट खांबावरून करंट सोडतात, आणि तो माणूस मारतो. मालकाला दिवसा भेटून कोणत्या धुऱ्यावर तार आहे ते स्वतः बघून यावं. त्याच भेटीत शेतीच्या लाइनची पाळी विचारावी. हरभरा-गव्हाच्या दिवसांत रात्रीची पाळी असली की विहिरीवरचा बल्ब रात्रभर जळतो आणि ओलिताला माणसं फिरतात. दिवसाच्या पाळीचा आठवडा आणि अमावस्या जुळवून घ्यावी. जंगलालगत असाल तर वनखात्याची परवानगी आणि सोबत माणूस, दोन्ही. ट्रायपॉडच्या पायाशी बसताना आधी टॉर्च मारावा. घोणस आणि मण्यार रात्रीच फिरतात.

बॅटरीचं गणित घरीच करावं. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची, म्हणजे साडेतीन. माउंटला १ अँपिअर आणि दवाच्या पट्ट्याला (लेन्सवर दव बसू न देणाऱ्या गरम पट्ट्याला) पाऊण धरला तर दोन तासांत ती बसते. उन्हाळ्यात कूलर २ ते ३ अँपिअर ओढतो, तिथे ही बॅटरी कामाची नाही. २० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी. दवाचा पट्टा ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवाच, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधांवर तर रात्री नऊलाच लेन्स ओली होते. पट्टा पुढच्या काचेच्या मागे, कडेला गुंडाळावा आणि लेन्स कोरडी असतानाच सुरू करावा. एकदा दव बसलं की पुसून उपयोग नाही, काचेवर फक्त ओरखडे उठतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली पाला जाळतात, आणि त्याआधी पऱ्हाट्या. वारा पडला की तो धूर दरीत बसतो आणि क्षितिजापासून २०-२५ अंशांपर्यंतचं आकाश तांबूस होतं. अशा रात्री ओमेगा सेंटॉरीचा नाद सोडून डोक्यावरचे विषय घ्यावेत.

खरेदीबद्दल दोन शब्द. ट्रॅकर असेल तर ब्रॅकनचा प्रायमर आणि सिनॉटचे नकाशे, एवढ्यावर दोन वर्षं सहज जातात. नुसता कॅमेरा असेल तर कोव्हिंग्टन. रिचर्ड्सचं पुस्तक कोणाकडून वाचायला मिळालं तर पुरे. किअर जुना मिळाला तरी चालेल, तारे तेच आहेत. काळ्या-पांढऱ्या ई-रीडरवर यांतलं काहीही घेऊ नये. रंगीत आकृत्या आणि हिस्टोग्राम त्यावर वाचताच येत नाहीत, आणि ब्रॅकनच्या पुस्तकात निम्मं शिकणं त्या आकृत्यांतच आहे.